थ्रीडी सिटी मॉडेल आणि त्याची स्टँडर्ड्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलवर तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून सगळं एकदाच इथे लिहून टाकतोय. आधी साधे प्रश्न आहेत, मग हळूहळू डोक्याला ताप देणारे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे परत लिहिली नाहीये, तिथे फक्त प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. शहराचं थ्रीडी मॉडेल तर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये बनतं की, मग त्याला स्टँडर्ड कशाला पाहिजे?

बनतं, आणि दिसतंही झकास. पण ड्रोनच्या फोटोंवरून बनवलेला मेश (त्रिकोणांची जाळी) उघडा आणि त्याला विचारा की बाबा यातली छपरं कुठली, तर त्याला सांगता येत नाही, कारण त्याच्या लेखी सगळे नुसते त्रिकोण. भिंत पण त्रिकोण, झाड पण त्रिकोण आणि रस्त्याकडेला उभी असलेली गाडी पण त्रिकोणच. सोलर पॅनेलसाठी उन्हाकडे कललेली छपरं मोजायची, पुराचं पाणी किती मीटर चढलं तर कुठल्या घरात शिरेल ते बघायचं, रस्त्याचा आवाज कुठल्या भिंतीवर आदळतो ते काढायचं, या सगळ्याला "ही भिंत आहे, ही अमुक इमारतीची आहे" हे मॉडेलमध्येच लिहिलेलं लागतं. आणि ते तुम्ही एका पद्धतीने लिहिलं आणि शेजारच्या शहराने दुसऱ्या, तर दोघांचा डेटा एकत्र करणाऱ्याचं आयुष्य त्यातच जाणार. तर स्टँडर्ड म्हणजे आधी शब्दांचे अर्थ ठरवणं, फाइलचा फॉरमॅट त्यानंतर येतो. लोक नेमकं उलटं करतात आणि पुढचे निम्मे प्रश्न त्यातूनच आलेत.

२. सिटीजीएमएल हा फाइल फॉरमॅट आहे की अजून काही?

दोन्ही. सिटीजीएमएल हे शहराच्या थ्रीडी मॉडेलचं स्टँडर्ड. त्याचा एक भाग म्हणजे शहरात काय काय असतं आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय याचा आराखडा: इमारत, पूल, बोगदा, रस्ते, झाडंझुडपं, पाणी, जमिनीचा चढउतार, बाकडी आणि दिव्यांचे खांब, प्रत्येकाला आपापलं मॉड्यूल. दुसरा भाग म्हणजे हे फाइलमध्ये लिहायचं कसं, तर जीएमएल नावाच्या एक्सएमएलमध्ये (एक्सएमएल म्हणजे डेटा खुणा लावून मजकुरात लिहायची पद्धत). जुन्या व्हर्जनमध्ये हे दोन्ही एकाच डॉक्युमेंटमध्ये होते म्हणून लोकांचा गोंधळ व्हायचा. ३.० मध्ये ते चक्क वेगळे केले, आराखडा २०२१ मध्ये आला आणि जीएमएलमध्ये लिहायची पद्धत त्यानंतर दोन वर्षांनी. म्हणून "आम्ही सिटीजीएमएल वापरतो पण फाइल जेसन आहे" असं कुणी म्हणालं तर तो चुकत नसतो, जेसन ही डेटा लिहायची दुसरी एक पद्धत आहे (प्रश्न ८ बघा).

३. हे ठरवतं कोण? आणि आपल्याला त्यात बोलता येतं का?

सुरुवात जर्मनीतल्या नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्यात झाली, २००२ मध्ये, तिथल्या थ्रीडीवर काम करणाऱ्या एका गटात. थॉमस कोल्बे आणि गेरहार्ड ग्रोगर ही त्यातली नावं. मग ते ओजीसीकडे गेलं. ओपन जिओस्पेशियल कन्सोर्टियम ही १९९४ ला सुरू झालेली संस्था, तिच्यात कंपन्या, सरकारी खाती, युनिव्हर्सिट्या असे सगळे सभासद आहेत. १.० आलं २००८ ला, २.० आलं २०१२ ला.

प्रक्रिया साधारण अशी चालते की एक वर्किंग ग्रुप मसुदा बनवतो, संस्थेचं आर्किटेक्चर बोर्ड तो तपासतं, मग तो लोकांच्या सूचनांसाठी निदान ३० दिवस खुला ठेवतात आणि शेवटी सभासद मतदान करतात. त्या ३० दिवसांत सभासद नसलेल्यालाही लिहिता येतं, आणि खरं सांगू का, फार कमी लोक लिहितात. स्टँडर्ड आल्यावर चार वर्षं त्याच्या नावाने बोटं मोडणारे भरपूर भेटतात. एक दुसरा रस्ताही आहे, कम्युनिटी स्टँडर्ड: आधीच बाहेर तयार झालेलं आणि वापरात असलेलं काही ओजीसी स्वीकारते. सिटीजेसन आणि थ्रीडी टाइल्स (प्रश्न ८ आणि ९) त्या रस्त्याने आले.

४. एलओडी म्हणजे नक्की काय? आकडा मोठा म्हणजे मॉडेल चांगलं का?

एलओडी म्हणजे लेव्हल ऑफ डिटेल, मॉडेलमध्ये किती बारकावा आहे ते. ० म्हणजे इमारतीचा सपाट ठसा, १ म्हणजे तोच ठसा वर ओढून केलेला डबा, २ म्हणजे छपराचा खरा आकार, ३ म्हणजे दारंखिडक्यांसकट.

आकडा मोठा म्हणजे मॉडेल चांगलं असं अजिबात नाही. बारकावा आणि अचूकता या वेगळ्या गोष्टी आहेत, एलओडी ३ चं घर खिडक्यांसकट दोन मीटर बाजूला सरकलेलं असू शकतं. शिवाय एलओडी १ आणि २ विमानातून केलेल्या लेझर स्कॅनवरून आणि इमारतींच्या नकाशावरून बऱ्यापैकी आपोआप बनतात, नेदरलँड्सच्या थ्रीडीबॅग नावाच्या डेटासेटमध्ये देशातल्या सुमारे एक कोटी इमारती अशाच बनवल्यात. एलओडी ३ ला मात्र भिंती समोरून दिसाव्या लागतात, त्या विमानातून धड दिसत नाहीत, मग रस्त्यावरून फोटो काढा, हाताने दुरुस्त्या करा, खर्च भराभर चढतो. सावली काढायला किंवा पुराचा अंदाज घ्यायला खिडकी कशाला लागते, सांगा बरं.

५. दोन कंपन्यांकडून एलओडी २ मागवलं, दोघांचं मॉडेल वेगळं आलं. चूक कुणाची?

बहुतेक वेळा कुणाचीच नाही, किंवा मागवणाऱ्याची म्हणा. नुसतं "एलओडी २" यात बऱ्याच गोष्टी मोकळ्या राहतात. छपरातून वर आलेली खिडकी दाखवायची का? छप्पर भिंतीच्या बाहेर येतं तो भाग दाखवायचा का, आणि नसेल दाखवायचा तर भिंत कुठे उभी करायची, नकाशातल्या ठशावर की छपराच्या कडेखाली? यात अर्धा मीटर इकडेतिकडे झालं तरी पूर्ण इमारतीचं घनफळ चांगलंच बदलतं.

डेल्फ्टच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीतल्या मंडळींनी २०१६ मध्ये यावर उपाय म्हणून १६ पायऱ्या सुचवल्या, ०.० पासून ३.३ पर्यंत. त्यात १.२ म्हणजे एका उंचीचा डबा, १.३ म्हणजे एकाच इमारतीत वेगवेगळ्या उंचीचे डबे, २.२ म्हणजे छपरावरची मोठी उठलेली रचना धरून. ओजीसीच्या मूळ आकड्यांत हे नाहीये, पण वापरतात भरपूर लोक आणि सिटीजेसनमध्ये असे दशांश आकडे सरळ लिहिता येतात. टेंडर लिहिताना हे आकडे घाला, आणि छपराची कड आणि भिंतीची जागा याबद्दल एक वाक्य वेगळं लिहा. मी एकदा हे वाक्य विसरलो होतो, त्याची परतफेड सहा महिने मेल लिहून केली.

६. इमारतीची उंची म्हणजे कुठून कुठपर्यंत?

हा प्रश्न बावळट वाटतो म्हणून लोक विचारत नाहीत आणि मग फसतात. खालचं टोक: जमिनीचा सगळ्यात खालचा बिंदू, सरासरी, की मुख्य दारापाशी? उतारावरच्या घराला हे तीन आकडे तीन वेगळे निघतात. वरचं टोक: छपराची खालची कड, सगळ्यात उंच रेघ, की त्याच्यावरची चिमणी आणि अँटेना? एलओडी १ च्या डब्याला तर उतरतं छप्पर नसतंच, मग उतरत्या छपराच्या घराचा डबा किती उंच करायचा? थ्रीडीबॅगवाले छपरावर पडलेल्या लेझर बिंदूंच्या उंचीचा ७० वा पर्सेंटाइल घेतात, म्हणजे ७० टक्के बिंदू त्याच्या खाली, आणि वर बाकीचे पर्यायही ॲट्रिब्यूटमध्ये (इमारतीसोबतच्या माहितीच्या रकान्यांत) देऊन ठेवतात. हे मला फार आवडतं, तुमचं तुम्ही निवडा.

सिटीजीएमएल २.० मध्ये मोजलेल्या उंचीसाठी फक्त एक आकड्याची जागा होती, तो कुठून कुठपर्यंतचा ते सांगायची सोय नव्हती. ३.० मध्ये उंचीसोबत वरचा संदर्भ, खालचा संदर्भ आणि आकडा मोजलेला आहे की अंदाजाचा, हे सगळं लिहावं लागतं. एवढीशी सुधारणा, पण माझ्या मते ३.० मधली सगळ्यात कामाची.

७. मॉडेल नकाशावर टाकलं तर इमारती हवेत तरंगतायत नाहीतर जमिनीत रुतल्यात. का?

दोन वेगळी कारणं असतात. फरक दहा-वीस मीटर किंवा जास्त असेल आणि सगळीकडे जवळपास सारखाच असेल तर उंचीच्या पायाचा, म्हणजे उंची ज्या शून्यापासून मोजली त्याचा, घोळ आहे. जीपीएस उंची देतं ती पृथ्वीच्या गणिती अंडाकृतीपासून, सर्व्हेवाले देतात ती समुद्रसपाटीच्या हिशोबाने, आणि या दोन पायांतला फरक जगात जागेनुसार उणे १०६ मीटरपासून अधिक ८५ मीटरपर्यंत जातो. मॉडेल एका पायावर, जमीन दुसऱ्या पायावर, मग तरंगणारच. फाइलमध्ये ईपीएसजी कोड असतो, म्हणजे आकडे कुठल्या कोऑर्डिनेट सिस्टीममधले ते सांगणारा नंबर, पण बरेच जण फक्त आडव्या दिशेचा कोड लिहितात आणि उंचीचा सोडून देतात. दोन्हीचा मिळून जोडकोड लिहा.

आणि समुद्रसपाटी सगळ्यांची एक असते असंही समजू नका. राइन नदीवर लाउफेनबुर्गला जर्मनी आणि स्वित्झर्लंडने मिळून पूल बांधला, दोन देशांच्या शून्यात २७ सेंटिमीटरचा फरक आहे हे इंजिनिअर लोकांना माहीत होतं, हिशोबातही धरलं होतं, पण चिन्ह उलटं लागलं आणि २००३ मध्ये ५४ सेंटिमीटरची तफावत समोर आली. माहीत असून ही गत, तर फाइलमध्ये लिहिलेलंच नसेल तर काय होईल.

दुसरं कारण: फरक थोडासा आहे आणि इमारतीगणिक बदलतोय. म्हणजे जमिनीचं मॉडेल वेगळ्या वर्षीचं किंवा जाडंभरडं आहे. यासाठी सिटीजीएमएलमध्ये इमारत जमिनीला जिथे टेकते ती रेघ वेगळी साठवायची सोय आहे, तिच्यावर जमीन ओढून बसवता येते. सोय चांगली आहे, भरतात मात्र फार थोडे.

८. सिटीजीएमएल घ्यावं की सिटीजेसन?

आराखडा तोच आहे, लिहायची पद्धत वेगळी. सिटीजेसन डेल्फ्टमध्ये बनलं, २०२१ पासून ओजीसीचं कम्युनिटी स्टँडर्ड आहे, आणि फाइल जीएमएलच्या मानाने सरासरी सहापट लहान होते कारण प्रत्येक कोपरा एकदाच लिहितात आणि तोही पूर्णांकात, बाकी सगळे त्याच्याकडे नंबरने बोट दाखवतात. वेब डेव्हलपरला एक्सएमएल दिलं की तो तोंड वाकडं करतो, जेसन दिलं की त्याच दिवशी कामाला लागतो. फाइल फारच मोठी असेल तर ओळीगणिक एक इमारत लिहायचा प्रकारही आहे, म्हणजे पूर्ण फाइल मेमरीत घ्यावी लागत नाही.

अडचण एवढीच की सिटीजेसन हा आराखड्याचा एक भाग घेतं, सगळा नाही. एका फाइलमध्ये एकच कोऑर्डिनेट सिस्टीम चालते, उदाहरणार्थ. सरकारी नियमात जीएमएलच द्या म्हटलं असेल तर वाद घालू नका, द्या, आणि रोजच्या कामाला जेसन वापरा. सिटीजीएमएल-टूल्स नावाचं फुकट टूल दोन्हीकडे बदलून देतं.

९. मग थ्रीडी टाइल्स, आयथ्रीएस, जीएलटीएफ हे काय आहेत? तेही स्टँडर्डच ना?

हो, पण काम वेगळं. हे दाखवायचे फॉरमॅट आहेत, साठवायचे नाहीत. जीएलटीएफ म्हणजे एक थ्रीडी वस्तू ब्राउझरपर्यंत झटपट न्यायची पद्धत, थ्रीडी टाइल्स म्हणजे पूर्ण शहराचे तुकडे करून जेवढं दिसतंय तेवढंच पाठवायची पद्धत, २०१५ मध्ये सिझियमवाल्यांनी आणली. आयथ्रीएस हे एसरी या नकाशांच्या सॉफ्टवेअर कंपनीचं तशाच कामाचं.

यात माहितीही घालता येते, तरी मूळ डेटा म्हणून टाइल्स ठेवू नका. टाइल्स बनवताना पृष्ठभागांचे त्रिकोण होतात आणि बंद घनाकृती म्हणून जे काही होतं ते हरवतं. टाइल्सवरून परत सिटीजीएमएल बनवून द्या अशी विनंती मला वर्षातून दोनदा तरी येते. मूळ फाइल कुणीतरी डिलीट केलेली असते.

१०. आर्किटेक्टकडून बीआयएम मॉडेल मिळालंय, आयएफसी फाइल आहे. तीच शहराच्या मॉडेलमध्ये टाकू का?

टाकता येईल, पण हात भाजतील. बीआयएम म्हणजे इमारत बांधण्यासाठी केलेलं तिचं तपशीलवार डिजिटल मॉडेल, आणि आयएफसी हे त्यासाठीचं बिल्डिंगस्मार्ट या संस्थेचं स्टँडर्ड, आयएसओ १६७३९. ते इमारत बांधणाऱ्याच्या नजरेतून लिहिलेलं आहे: भिंत म्हणजे जाडी असलेला, आत थर असलेला एक ठोकळा. सिटीजीएमएल सर्व्हेवाल्याच्या नजरेतून: भिंत म्हणजे बाहेरून दिसतो तो पृष्ठभाग. एका खोलीच्या भिंतीचे सहा ठोकळे घेऊन त्यांच्यातून इमारतीचं एक सलग बाहेरचं कवच काढायचं हे आपोआप नीट होत नाही, फटी राहतात, आतले जिने बाहेर डोकावतात.

वर जागेचा प्रश्न आहेच. आयएफसीमध्ये शून्य बिंदू बहुतेक वेळा इमारतीच्या एखाद्या कोपऱ्यात असतो. खऱ्या नकाशावर ती कुठे आणि किती फिरवून बसवायची ते लिहायची धड सोय आयएफसी ४ मध्ये आली आणि ती जागा रिकामी सोडलेल्या फाइलीच मला जास्त मिळतात. माझं मत विचाराल तर बदलून घेण्यापेक्षा दोन्ही मॉडेल आपापल्या जागी ठेवा आणि इमारतीचा आयडी एकमेकांत लिहून ठेवा. बाहेरचं कवच लागलंच तर आर्किटेक्टकडूनच वेगळं मागा.

११. एक्सएमएल व्हॅलिडेट केलं, एकही एरर नाही, तरी सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर म्हणतं मॉडेल चुकीचं आहे. कुणाचं खरं?

दोघांचंही. स्कीमा तपासणी म्हणजे व्याकरण तपासणी, वाक्य शुद्ध आहे एवढंच ती सांगते. भूमितीचं वेगळं तपासावं लागतं: बहुभुजाचे सगळे कोपरे एका प्रतलात आहेत का, कड स्वतःला छेदते का, सगळे पृष्ठभाग मिळून घनाकृती बंद होते का, भिंतींची तोंडं बाहेरच्या बाजूला आहेत का. एक पृष्ठभाग गळला तर डोळ्याला काही कळत नाही पण घनफळ काढायला गेलं की आकडा भलताच येतो. नियम आयएसओ १९१०७ मध्ये आहेत आणि ते तपासायला व्हॅलथ्रीडिटी नावाचं ओपन सोर्स टूल आहे, ते प्रत्येक चुकीला नंबर देतं, २०३ म्हणजे प्रतल बिघडलंय, ३०२ म्हणजे कवच उघडं राहिलंय.

लाज वाटून घेऊ नका, सगळ्यांचंच असं असतं. २०१६ मध्ये डेल्फ्टच्या लोकांनी मिळतील तेवढे म्हणजे ९ देशांतले ३७ डेटासेट तपासले, ३६ लाख इमारती, आणि बिनचुकीचा डेटासेट क्वचितच सापडला. जे बरे निघाले ते बहुतेक साधे एलओडी १ चे डबे होते.

एक बारीक गोष्ट राहिली, टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालवून घ्यायचा. प्रतलाची तपासणी डिफॉल्टला १ सेंटिमीटरवर होते. लेझर स्कॅनवरून आलेल्या छपराला हे कडक पडू शकतं. बदला हवं तर, पण कितीवर तपासलं ते रिपोर्टमध्ये लिहा, नाहीतर "व्हॅलिड" या शब्दाला काही अर्थ राहत नाही.

१२. आम्हाला लागणारी माहिती स्टँडर्डमध्ये नाहीच. आपली कॉलम घालू का?

दोन रस्ते आहेत. चार-पाच फुटकळ गोष्टी असतील तर जेनेरिक ॲट्रिब्यूट वापरा, नाव आणि किंमत, संपलं. पण मग त्या नावाचा अर्थ फक्त तुम्हालाच माहीत. विषय मोठा असेल तर एडीई बनवा, म्हणजे स्टँडर्डला रीतसर जोडलेली पुरवणी, सिटीजेसनमध्ये तिला एक्स्टेन्शन म्हणतात. इमारतींच्या ऊर्जेसाठी एनर्जी एडीई आहे, पाइप आणि केबलसाठी युटिलिटी नेटवर्कची आहे, जपानने शहरांची थ्रीडी मॉडेल बनवायच्या प्लॅटू प्रकल्पात नगररचनेची माहिती भरायला आय-यूआर नावाची वापरली आणि पहिल्याच वर्षी ५६ शहरांचा डेटा एकसारखा काढला.

आधी कुणी बनवलंय का ते शोधा. नवीन एडीई कागदावर बनवायला आठवडा लागतो पण ती वाचणारं सॉफ्टवेअर कुठून आणणार?

१३. २.० मधला डेटा आहे, ३.० वर जाऊ का? आणि एलओडी ४ कुठे गेलं?

घाई नाही. प्लॅटूसारखा एवढा मोठा प्रकल्पही २.० वर उभा राहिला. ३.० मधल्या नव्या गोष्टी (काळानुसार आवृत्त्या, सेन्सरचे बदलते आकडे जोडायची डायनामायझर नावाची सोय, पॉइंट क्लाउड म्हणजे स्कॅनमधले सुटे थ्रीडी बिंदू) खरंच लागत असतील तर जा.

एलओडी ४ म्हणजे एलओडी ३ अधिक आतल्या खोल्या. ते ३.० मध्ये काढून टाकलं कारण बाहेरून साधा डबा आणि आतून खोल्यांचा पूर्ण नकाशा असं कुणाला हवं असेल तर करता येत नव्हतं. आता आतला भाग कुठल्याही एलओडीला दाखवता येतो. जुना डेटा बदलताना एलओडी ४ चं एलओडी ३ करायचा पर्याय प्रश्न ८ मधल्याच टूलमध्ये मिळतो, तो निवडायला विसरलात तर आतल्या खोल्या गेल्याच म्हणून समजा.

१४. इमारत पाडून तिथे नवी झाली. आयडी तोच ठेवू का?

नाही. नवी वस्तू, नवा आयडी. जुनी डिलीटही करायची नाही, तिच्यावर संपल्याची तारीख टाकायची. इथे चार तारखा असतात आणि लोक त्यांची खिचडी करतात: वस्तू खऱ्या जगात कधी आली आणि गेली, आणि डेटाबेसमध्ये कधी आली आणि गेली. इमारत मार्चमध्ये पडली आणि तुम्हाला ऑगस्टमध्ये कळलं तर दोन्ही तारखा लिहायच्या, म्हणजे "जूनमध्ये आपल्या मॉडेलमध्ये काय दिसत होतं" आणि "जूनमध्ये तिथे खरं काय होतं" या दोन्हीची उत्तरं मिळतात.

अवघड जागा म्हणजे वर मजला चढवला किंवा एक पंख पाडला तर. मी तरी असं करतो की माणसं तिला तीच इमारत म्हणतायत तोवर ओळखीचा आयडी तोच आणि आवृत्तीचा आयडी नवा, ३.० मध्ये हे दोन वेगळे ठेवता येतात. दोन इमारती जोडून एक झाली तर मात्र नवीन, आणि त्या दोघींकडे परत जाणारी खूण ठेवायची.

१५. भिंतीला भिंत लागून असलेली घरं. मधली सामाईक भिंत एकदा दाखवायची की दोनदा?

प्रत्येक घर बंद घनाकृती असायला हवं (प्रश्न ११), म्हणून दोघांनाही आपापली भिंत लागते, एकमेकींना चिकटलेली. दिसायला काही बिघडत नाही, पण उष्णता किती बाहेर जाते त्याचा हिशोब केलात की दोन्ही भिंती उघड्यावर आहेत असं धरलं जातं आणि मधल्या घराचं बिल फुगतं. मूळ स्टँडर्डमध्ये "सामाईक भिंत" असा वेगळा वर्ग नाहीये. एनर्जी एडीईमध्ये तसा प्रकार आहे, आणि थ्रीडीबॅग प्रत्येक इमारतीच्या सामाईक भिंतीचं क्षेत्रफळ मोजूनच देते.

हीच गोष्ट एका इमारतीच्या भागांची. वेगळी उंची किंवा वेगळं छप्पर असलेले भाग असतील तर बिल्डिंग पार्ट करा, आणि मग घनाकृती भागांवरच ठेवा. मुख्य इमारतीवरही ठेवलीत तर घनफळ दुप्पट मोजलं जाईल. भाग एकच असेल तर पार्ट करूच नका.

१६. इमारतीखालून रस्ता जातो. तळाचा पृष्ठभाग जमीन, छत की भिंत?

रस्त्याच्या डोक्यावर येणारा जो खालून दिसणारा भाग आहे तो "बाहेरचं छत", त्यासाठी स्वतंत्र वर्ग आहे. जमिनीचा पृष्ठभाग फक्त इमारत खरोखर जमिनीला टेकते तिथेच. एलओडी १ मध्ये हे दाखवताच येत नाही कारण ठसा सरळ वर ओढलेला असतो, म्हणजे पुराच्या मॉडेलमध्ये तो रस्ता बंद दिसतो आणि पाणी नको तिथे तुंबतं. अशा इमारती यादी करून हाताने दुरुस्त कराव्या लागतात. रस्ता लांब आणि दोन्ही बाजूंनी बंद असेल तर तो बोगदा धरा, आणि त्याच्या दोन्ही तोंडांवर क्लोजर सरफेस लावा, म्हणजे खऱ्या जगात नसलेलं पण घनाकृती बंद करायला लावलेलं झाकण. घनफळ मोजताना ते धरायचं, रंगवताना लपवायचं.